बशीकाकूंचं कपाट

कुणाच्याही घरी चहा आला की आमच्या बशीकाकू आधी कप उचलून बाजूला ठेवायच्या आणि बशी उलटी करून बघायच्या. घर कुणाचं, प्रसंग कसला, समोर कोण बसलंय, काही विचार नाही. साखरपुडा असो, बारसं असो, नाहीतर दुखवट्याला गेलेलो असो. बशीच्या पोटाखाली इंग्रजी शिक्का दिसला की बाईंचे डोळे लकाकायचे. नाही दिसला की बशी सरळ करून, "असू दे, चा चांगला हाय," असं म्हणून मोकळ्या. मी शेजारी बसून चिमटे काढायची. त्याचा उपयोग कधी झाला नाही.

प्रमोदला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मुलगी बघायला आम्ही आष्ट्याकडं गेलो तेव्हाही हेच. पोह्यांमागून चहा आला, काकूंनी बशी उलटी केली, आणि त्या घरातल्या बायकांना वाटलं, पाहुणीबाई बशी नीट धुतलीय का ते तपासतायत. सगळ्यांची तोंडं उतरली. मान खाली घालून बसलेली मुलगी तडक उठली, काकूंच्या हातातली बशी घेतली, आत जाऊन पुन्हा धुतली, पुसली आणि त्यांच्यापुढं आणून ठेवली. काकूंकडं असं बघितलं की मला वाटलं, झालं कल्याण, आता गुळाचा खडाही मिळायचा नाही. परतीच्या वाटेवर गाडी कऱ्हाडात आली तेव्हा काकू म्हणाल्या, "हीच करायची. एवढा राग आला, पर बशी आदळली न्हाई पोरीनं." ती सुनीता. आज वीस-बावीस वर्षं ती त्यांची सून आहे.

साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला आमची कॉलनी आहे. निम्मी घरं फौजेतून पेन्शनीत आलेल्यांची. काकूंचे यजमान सुभेदार होते. माहेर आष्ट्याकडचं, उसाच्या रानातलं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, हायस्कुलात गणित शिकवते आणि माझं तोंड फटकळ आहे, हे कॉलनीत कुणीही सांगेल. काकूंचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, आम्ही सगळे त्यांना बशीकाकू म्हणतो. कारण त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट आहे आणि त्यात देव नाहीत, पुस्तकं नाहीत, सुभेदारांची पदकंसुद्धा नाहीत. त्यात विलायती कपबश्या आणि ताटल्या आहेत, आणि एकूणएक फुलांच्या.

त्या त्यांनी कुठून कुठून गोळा केल्या ते ऐकण्यासारखं आहे. महाबळेश्वर-पाचगणीत एखादा जुना बंगला पाडून हॉटेल व्हायचं म्हटलं की काकूंना कुणीतरी टॅक्सीवाला फोन करून सांगायचा. मग भर पावसात एसटीनं वर जायचं, मुकादमाला गोड बोलून खोल्यांतली फडताळं उघडायला लावायची आणि चार बश्या घेऊन यायचं. सांगलीच्या जुन्या बाजारात तर भांडीवाले त्यांच्यासाठी माल बाजूला काढून ठेवत. एकदा मीही बरोबर होते, येताना गाडीत गर्दी होती. काकूंनी जुन्या वाकळेत गुंडाळलेल्या ताटल्या सीटवर बसवल्या आणि स्वतः दांडा धरून उभ्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सामान खाली ठेवा, माणसांना बसू द्या." काकू म्हणाल्या, "सामान न्हाई बाबा, पावनं हाईत. लय लांबनं आल्यात." तो बिचारा हसला आणि पुढं गेला. उभी राहिलेली माणसं माझ्याकडं खाऊ की गिळू अशी बघत होती, जणू ताटल्या माझ्याच.

मी स्टीलची माणूस. पडलं तर उचलावं, घासलं की चकाकावं, भांड्याचं आणखी कौतुक काय करायचं? मी एकदा त्यांना स्पष्टच विचारलं, "काकू, या फुलांत एवढं काय आहे? त्यातल्या निम्म्या फुलांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत." त्या कपाटातून एक ताटली काढून मांडीवर घेऊन बसल्या. पांढऱ्या मातीवर फिकट गुलाबी गुलाबांचा वेल, सोनेरी काठ झिजलेला, मधोमध सुरीचे बारीक ओरखडे. त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बघ, कुण्या मडमेनं हितं पाव कापलाय. म्हाबळेश्वराच्या पावसात चार म्हैनं कोंडून घातल्यावर बिचारीला काय दिसत आसंल? धुकं आन् शेवाळ. म्हनून तिनं आपल्या गावाची फुलं ताटलीत घालून आणली." मग म्हणाल्या, "माजं तरी काय येगळं? यांची दर दोन-तीन वर्सांनी बदली. क्वार्टरपुढं मोगरा लावावा, त्येला फूल यायला लागलं की चला. कुंडी न्हेता येत न्हाई गं बदलीत. बशी न्हेता येती." पहिली बशी त्यांनी अशाच एका छावणीत, निघून चाललेल्या साहेबाच्या बायकोच्या सामानातून घेतली होती. त्यानंतर मी फुलांबद्दल वेडंवाकडं बोलणं कमी केलं. बंद केलं असं मात्र नाही.

प्रत्येक नक्षीला काकूंनी नाव दिलं होतं, आणि नावं बायकांची. बारीक निळ्या फुलांची, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बशी म्हणजे धाकटी जाऊ. काठापर्यंत लाल-पिवळी फुलं ठासून भरलेली भलीमोठी लांबट ताटली, जिच्यात वाढलेलं पक्वान्नसुद्धा दिसू नये, ती नणंदबाई. पुढच्या काळातल्या, नारिंगी आणि चॉकलेटी रंगाची गरगरीत फुलं असलेल्या बश्याही होत्या. त्या म्हणजे मुंबईच्या मामी. "आसली फुलं कुठल्याबी झाडाला येत न्हाईत. मामीच्या साड्यास्नीच यायची," असं त्या म्हणायच्या. एका बशीवर रानगुलाब होता आणि चितारणाऱ्यानं त्याचे काटेही काढले होते. ती बशी म्हणजे मास्तरीण. मास्तरीण म्हणजे मी. मला चहा कायम तिच्यातच मिळायचा.

कारण काकूंच्या घरी बश्या नुसत्या मांडून ठेवायच्या नसत. गॅसवाला, दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना चहा फुलांच्या कपात. पुण्याच्या कुणी बाई मोबाइलवर फोटो बघून गाडी घेऊन आल्या होत्या. कपाटाकडं बघून 'व्हिंटेज, व्हिंटेज' म्हणत राहिल्या, आणि शेजारीच गवंडी त्याच कपातून भुरके मारतोय म्हटल्यावर त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. म्हणाल्या, "अहो, या वापरायच्या नसतात, जपायच्या असतात." काकू म्हणाल्या, "आवं, वापरल्यावरच जपाव्या लागत्यात. नुसत्या ठिवल्यावर त्यात जपायचं काय आलं?" बाई चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेल्या.

धुण्याचं काम मात्र त्यांनी कुणाला करू दिलं नाही. घमेल्यात जुनी साडी अंथरायची, कोमट पाणी घ्यायचं आणि एकेक बशी तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी धुवायची. सुभेदार गेले तेव्हा हळदीकुंकवाचा मान त्यांनी आपण होऊन सुनीताकडं दिला. सुनीता नको नको म्हणत होती, तरी दिला. बश्यांचा मान तेवढा स्वतःकडं ठेवला.

आणि मग त्यांचा हात कापायला लागला.

आधी ते आम्हाला कानांनी कळलं. काकू आतून चहा घेऊन निघाल्या की कप बशीवर किणकिणायचा. पहिल्यांदा अगदी बारीक, मग स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत सबंध वाटभर. "हात नाचाया लागलाय माजा. म्हातारपणी हौस आलीय त्येला," असं म्हणून त्या हसायच्या. आम्हीही हसायचो, कारण दुसरं काय करणार? प्रमोदनं मिरजेला नेऊन दाखवलं. डॉक्टर भला माणूस, त्यानं नीट समजावून सांगितलं. कंपवात आहे, गोळ्यांनी वेग कमी होईल, पण तो जायचा नाही, वाढतच जाणार. परत येताना काकूंनी एवढंच विचारलं म्हणे, "वाढणार म्हंजी दुसऱ्या हातालाबी?"

वर्षभरात दुसऱ्या हातालाही आला. बश्या फुटायला लागल्या. मुंबईच्या मामी एकामागोमाग एक गेल्या. एकदा मी गेले तर काकू मोरीपाशी पाटावर बसलेल्या, पुढ्यात घमेलं, आणि हातात ओली बशी धरून नुसत्या बघत होत्या. हात थांबण्याची वाट बघत होत्या. मी म्हणाले, "द्या काकू, मी ठेवते." तर म्हणाल्या, "गप बस. थांबतूय त्यो. जरा दम खा." हात थांबला नाही. मी तिथंच उभी. काय करावं मला खरोखर कळेना. घ्यावी तर त्यांचा अपमान, न घ्यावी तर बशी जाते. शेवटी सुनीतानं आतून काहीतरी निमित्त काढून हाक मारली आणि सहज घेतल्यासारखी ती बशी त्यांच्या हातातून घेतली.

प्रमोद आणि सुनीता वाईट माणसं असती तर बरं झालं असतं. मी जाऊन चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांनी केलं ते मायेनंच केलं. उरलेल्या बश्या वाचाव्यात, आईला तुकडे लागू नयेत म्हणून प्रमोदनं कपाटाला काचेची दारं बसवली, आत दिवे लावले आणि कुलूप घातलं. सुनीतानं दुकानदुकान हिंडून दोन कानांचा, झाकणाचा प्लॅस्टिकचा पेला आणला. त्यातून चहा सांडत नाही. त्या संध्याकाळी मला मुद्दाम बोलावलं होतं. कपाट उजळलेलं, बश्या देवळातल्यासारख्या झगमगत होत्या. आम्हा तिघांना चहा फुलांच्या कपांतून आला आणि काकूंना तो पेला.

काकूंनी पेल्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "मला येगळं भांडं?"

सुनीता घाबरून म्हणाली, "आई, सांडू नये म्हणून हो."

मग काकूंनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला सांगितलं नव्हतं. "माज्या आज्यानं लढाईवरनं येताना एक कपबशी आणली व्हती. गुलाबी फुलांची. आज्जी म्हनली, चिनी माती बाटती, आत न्यायाची न्हाई. मग ती ठिवली गोठ्यातल्या कोनाड्यात. ज्यास्नी आमी घरात घेत न्हवतो ना, त्यास्नी चा द्यायला. आमी समदी पितळंच्या भांड्यातनं पेणार आन् घरातली समद्यात देखणी वस्तू गोठ्यात! मला वाटायचं, ह्या माणसांचा केवढा मान हाय. लय हेवा वाटायचा. येकदा गुपचूप त्यातनं प्याले तर आज्जीनं मार मार मारलं, वरनं आंघूळ घातली. ती माणसं चा पिऊन झाला की कप आपल्या हातानं धुऊन पालथा ठिवून जायची, मान खाली घालून. येगळं भांडं म्हंजी काय ते मला मोठी झाल्यावर कळलं. म्हनून तर माज्या घरात कुणालाबी येगळं न्हाई ठिवलं मी. आन् आता तुमी मला..." ओठही कापत होते.

प्रमोदनं तिथल्या तिथं कुलूप काढलं. मला सोडायला फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा, मी आईच्या हातापायांना जपू की आईच्या मनाला जपू?" कॉलनीतल्या प्रत्येकाच्या भानगडीत माझं मत असतं. विचारलं नाही तरी मी ते देते. त्या दिवशी माझ्यापाशी एकही मत नव्हतं. "बघू," असं काहीतरी म्हणून मी घरात आले आणि स्वतःवरच चिडत बसले.

मग गौरी आल्या. गौरी जेवायच्या दिवशी कॉलनीतल्या बायकांना काकूंच्या घरी जेवण, पुरणपोळी विलायती ताटल्यांत, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. यंदा सुनीता दबकत म्हणाली, "आई, यंदा केळीची पानं घेऊ या का?" काकू म्हणाल्या, "पानं घे की. माज्या तेराव्याला." विषय संपला. ताटल्या काढल्या. वाढायला सुनीता, पण प्रत्येकीच्या हातात ताटली आपण स्वतः देणार, असा काकूंचा हट्ट. आम्ही ओळीनं बसलो. काकू एकेकीपुढं येत, ताटली थडथडत असे, आणि प्रत्येक बाई काही न बोलता दोन्ही हात काकूंच्या हाताखाली धरून ताटली घेत होती. कुणी शिकवलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मीही तसंच केलं. त्यांचे हात गार पडले होते. "जमतंय बघ," त्या पुटपुटल्या. चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, होईल, आजचा दिवस पार पडेल.

शेवटी पोळ्यांनी भरलेली नणंदबाई त्यांनीच उचलली. आम्ही सगळ्या एकदम "काकू, राहू द्या" म्हणालो आणि तेच चुकलं बहुतेक. त्या दचकल्या. ताटली फरशीवर पडली, पोळ्या एकीकडं, फुलं एकीकडं. सणाच्या दिवशी घरात फुटल्याचा आवाज. काकू मात्र म्हणाल्या, "गेली नणंदबाई. जाऊ दे, लय मिरवत व्हती," आणि सगळ्याजणी हसल्या. त्या हसण्यातच सुनीता तुकडे गोळा करायला धावली आणि तिच्या टाचेत कपची शिरली. चांगली खोल. रक्त आलं. तिनं हूं की चूं केलं नाही. टाचेला रुमाल करकचून बांधला, काठापदराची साडी खाली ओढून घेतली आणि हसत हसत पोळी वाढायला लागली. ती पंगतीतून पुढं गेली तशी फरशीवर ठिपक्यांची रांग उमटत गेली. काकू भिंतीला टेकून त्या ठिपक्यांकडं बघत होत्या. नंतर त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गौरी बोळवल्यावर त्या माझ्याकडं आल्या. भिंतीला धरत धरत, एकट्या. मूठ घट्ट मिटलेली. ती माझ्या टेबलावर उघडली तेव्हा आतली किल्ली बराच वेळ लाकडावर टकटक वाजत राहिली, मग बोटांतून सुटली.

"परमोदला कुलूप लावायला लावलंय. ही तू ठिव."

"मी कशाला? प्रमोदकडं राहू द्या."

"त्यो देईल. आई रडली की पोरगं देतंच. सुनीता तर काय, पाय कापला तरी गप ऱ्हायली, ती आदी देईल." त्या खुर्चीत बसल्या. "बशी फुटल्याचं मला काय न्हाई गं. आपल्या हौशीपायी पोरीच्या अंगातनं रगत आलं. आता न्हाई. पर माजा मला भरोसा न्हाई. मी मागंन. रोज मागंन, रडंन, शिव्याबी दीन. तू द्यायची न्हाई. तू वर्गात पोरास्नी अर्दा मार्क वाढवून देत न्हाईस, तुला जमंल."

माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकला नव्हता, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. "मास्तरीण, किल्ली दे गं. एकच काढती. पुसती आन् ठिवती." मी सरळ नाही म्हणाले. त्या रडल्या. लहान मुलासारख्या, नाक पुसायचं भान नाही. त्याच्या पुढच्या दिवशी माझ्या तोंडून 'नाही' निघेना. मी, तीस वर्षं वर्गाला धाकात ठेवणारी बाई, चक्क खोटं बोलले. "काकू, कुठं ठेवलीय तेच आठवेना." किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती, त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांनी खिळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "नीट शोध. उद्या येती."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या येतात. सुनीता त्यांना फाटकापर्यंत आणून सोडते, अजून जरा लंगडते. माझ्याकडं आम्ही दोघी स्टीलच्या पेल्यातून चहा घेतो. "तुज्याकडं समद्यांनाच स्टील, मग मला कशाचं वाईट?" असं त्या म्हणतात. पेला मी अर्धाच भरते, उरलेला नंतर ओतते. चहा झाला की विचारतात, "घावली का गं?" मी म्हणते, "नाही हो काकू." "बरं," म्हणतात आणि जायला उठतात.

परवा त्यांना पेलाही धरवेना. मी चमच्यानं चहा पाजला. निम्मा हनुवटीवरून ओघळला. एरवी अशा वेळी त्या काहीतरी चेष्टा करतात. परवा काही बोलल्या नाहीत, किल्लीही मागितली नाही. नुसत्या स्वतःच्या हातांकडं बघत बसल्या. मला ते बघवेना. फुटू देत सगळ्या, पाय कापू दे माझा, असं मनात आलं. मी उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्यांच्यापुढं धरली. म्हणाले, "काकू, ही बघा, सापडली."

काकूंनी मान वर केली. किल्लीकडं पुष्कळ वेळ पाहिलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"ही न्हवं," त्या म्हणाल्या. "ही दुसऱ्याच कशाची तरी हाय. तू नीट शोध."